तारीख उलटल्यावर

मॅलकी ड्रिस्कोल आणि त्यांची भाची इमेल्डा यांची हकिकत आमच्या गावात प्रत्येकजण वेगळी सांगतो. मी दोघांनाही औषधं देत होते आणि शेवटी दोघंही माझ्याशीच बोलले. म्हणून माझ्याकडची हकिकत बरीचशी खरी आहे, असं मी धरून चालते. मी उना. बँट्रीच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव आहे. गावात औषधांचं एकच दुकान आहे, ते माझं.

मॅलकीकाकांनी जन्मभर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. लग्न केलं नाही. धाकटी बहीण नोरा लग्न होऊन कॉर्क शहरात गेली आणि तिथेच वारली. इमेल्डा तिची एकुलती एक मुलगी. काकांचं घर टेकडीच्या उतारावर, पाटीच्या दगडाच्या छपराचं. ते बांधलं तेव्हा त्या उतारावर शेळ्याही चढत नसत. मग समुद्र दिसतो म्हणून जर्मन आले, डब्लिनवाले आले, आणि बघता बघता त्या घराची किंमत पावणेपाच लाख युरोंच्या पुढे गेली. काकांना याचं हसू यायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात तेव्हाही एकच नळ होता.

२०१७च्या जानेवारीत काका अंगणात पडले आणि खुब्याला मार बसला. इमेल्डा पंधरा दिवसांसाठी म्हणून आली. तेव्हा ती पन्नाशीला टेकलेली होती. नवऱ्यापासून वेगळी झाली होती, मुलगी रोशीन गॉलवेला शिकत होती. कॉर्कमध्ये ती केस कापायच्या दुकानात नोकरी करायची. काकांचे हात थरथरत, म्हणून दाढीही तीच करून द्यायची. पंधरा दिवसांचा महिना झाला आणि एक दिवस काका म्हणाले, "इथेच राहा. माझ्यामागे घर तुझंच आहे."

ती काकांना घेऊन टूमी वकिलांकडे गेली. टूमींनी जे सांगितलं ते ऐकून ती घरी न जाता थेट माझ्या दुकानात आली आणि वजनाच्या काट्याशेजारच्या खुर्चीवर बसली.

आमच्याकडे पोटच्या मुलाला घर मिळालं तर कराची माफी मोठी असते. भाचीला ती साडेबत्तीस हजारांपुरतीच. त्यावरच्या रकमेचा तिसरा हिस्सा सरकारचा. म्हणजे काकांच्या घरावर इमेल्डाला दीड लाखाच्या आसपास कर भरावा लागला असता. तो भरायला घरच विकावं लागणार. पण टूमी म्हणाले, एक वाट आहे. वारस त्या घरात मरणाऱ्याच्या आधी सलग तीन वर्षं राहिलेला असला आणि त्याच्या नावावर दुसरं कुठलंही घर, घराचा हिस्सादेखील नसला, तर कर माफ. मात्र घर मिळाल्यावर पुढची सहा वर्षं तिथेच राहायला हवं. नाताळातच हा नियम आणखी कडक झाला होता. आधी जिवंतपणी घर बक्षीस दिलं तरी तो लागू व्हायचा, आता फक्त मृत्यूनंतरच.

"माझा कॉर्कच्या घरात अर्धा हिस्सा आहे," इमेल्डा म्हणाली.

तो तिने विकला. नवऱ्याने घाईचा फायदा घेतला आणि हिस्सा स्वस्तात गेला. आलेल्या पैशांत रोशीनचं शिक्षणाचं कर्ज फिटलं, एक जुनी गाडी आली आणि बाकी हातात फारसं उरलं नाही. नोकरी सोडली. मतदार यादीतलं नाव, डॉक्टर, गाडीचा विमा, सगळं आमच्या गावच्या पत्त्यावर आणलं. टूमींनी सांगितलं होतं, कर खात्याने उद्या विचारलं तर कागद दाखवता यायला हवेत. बारा मार्च २०१७ ही तिने राहायला सुरुवात केल्याची तारीख ठरली. बारा मार्च २०२०ला तीन वर्षं पुरी होणार होती.

तोवर काका मेले तर तिला घर नाही. मागे कॉर्कचं नाही, पुढे इथलंही नाही.

त्या दिवसापासून इमेल्डाने काकांना जपायला सुरुवात केली. माझ्याकडून रक्तदाब मोजायचं यंत्र नेलं आणि सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला लागली. घरातल्या सतरंज्या उचलल्या, पाय अडकायला नको. शिडी शेजारच्या डिनीला देऊन टाकली. काकांची छोटी वल्ह्यांची होडी होती, तिला साखळी लावून किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. बर्फ पडला की रविवारच्या प्रार्थनेला जाऊ द्यायची नाही. काका पबमध्ये सांगत, "मला बारा मार्चपर्यंत मरायची परवानगी नाही." सगळे हसत. काकाही हसत. त्यांना सगळं ठाऊक होतं. वकिलाकडे तेच तर तिच्याबरोबर गेले होते.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात काकांना न्यूमोनिया झाला आणि त्यांना कॉर्कच्या मोठ्या इस्पितळात नेलं. इमेल्डा औषधांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला बसवून पाणी दिलं. तिने विचारलं, "उना, इस्पितळातले दिवस धरतात का गं? तो घरात नसतो ना तेव्हा." मी म्हटलं, ते टूमींना विचार. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आपण आत्ता काय विचारलं, ते तिचं तिलाच ऐकू आलं होतं.

काका बरे होऊन आले. सोळा महिने उरले होते. मग दहा. मग चार. रोशीनकडे गॉलवेला ती जाई ती एका रात्रीपुरती. एका कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लावलेलं होतं आणि ती रोज एक दिवस खोडायची. ते काकांनी पाहिलेलं तिला माहीत नव्हतं.

बारा मार्च २०२० गुरुवार होता. साथ पसरत चालली म्हणून त्याच दिवशी सरकारने शाळा बंद केल्या. माझ्या दुकानात तापाच्या गोळ्यांसाठी रांग लागली होती. त्या रांगेत इमेल्डा उभी होती आणि ती एकटीच हसत होती. तिने हाताला लावायचं एक महाग मलम घेतलं. तीन वर्षांत तिने स्वतःसाठी काही घेताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "आज मी दुपारी झोपणार आहे."

आणि खरंच झोपली. यंत्र कपाटात गेलं. दोन दिवसांनी तिने होडीची किल्ली काकांच्या हातात दिली आणि म्हणाली, जा, हवं तर खाडीत एक चक्कर मारून ये. काकांना मनात काय वाटलं असेल, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तीन वर्षं जी बाई त्यांना साध्या ओट्यावर चढू देत नव्हती, ती आता म्हणत होती, एकटा पाण्यात जा.

त्याच शनिवारी, पब बंद व्हायच्या आदल्या दिवशी, डिनीने चारचौघांत म्हटलं, "मॅलक्या, तारीख उलटली म्हणे. आता सूप जरा जपून पी." पब हसला. काका हसले की नाही हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना घरात बसायचा हुकूम झाला. अंगणापलीकडे पाऊल टाकायचं नाही, घरात कुणाला घ्यायचं नाही. काका चौऱ्याऐंशीचे होते. टेकडीवरच्या त्या घरात ते आणि इमेल्डा, दोघंच उरले.

मी आठवड्याला औषधं दारापर्यंत नेऊन ठेवायची. पहिल्या खेपेला काका खिडकीत आले तेव्हा त्यांची दाढी वाढलेली दिसली. मी थट्टेत म्हटलं, न्हाव्याचा संप आहे का? ते म्हणाले, "आता नको वाटतं. गळ्याशी वस्तरा नको वाटतो." मला वाटलं, म्हातारपणाचा कंटाळा.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला यादी दिली. अंडी, केळी, संत्री, डब्यातले बीन्स, डबा उघडायची किल्ली. म्हणाले, हे दुकानातून आणून दे आणि इथे खिडकीत ठेव, इमेल्डाकडे देऊ नको. मी आणून दिलं. वाटेत परतताना जरा विचित्र वाटलं, पण तेव्हा सगळेच विचित्र वागत होते. कुणी टपालाची पाकिटं ओव्हनमध्ये भाजत होतं.

त्यानंतर इमेल्डाचा फोन आला. मामा रात्रभर दाराला खुर्ची लावून बसतो, जागाच असतो, तिलाही झोप नाही. डॉक्टरांनी फोनवर सात झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मी त्या पाठवल्या.

एप्रिलच्या मध्यावर मी गेले तेव्हा इमेल्डा मागे कपडे वाळत घालत होती. काकांनी खिडकीची फट उघडली. गाल आत गेले होते. त्यांनी रुमालात बांधलेली काचेची बरणी माझ्या हातात दिली. आत सूप होतं.

"तपासून बघ," ते म्हणाले. "तुझ्याकडे असेल काहीतरी."

"काय तपासू?"

"कपाटातलं कॅलेंडर पाहिलंय मी, रोज एक दिवस खोडायची. मी अंडी खातो. त्याला कवच असतं. केळं खातो. पण चहा तरी हवा ना मला. दोनदा प्यालो. दोन्ही वेळा कडू लागला, उना. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोंडात कडू."

त्या झोपेच्या गोळीचा तो गुण मला माहीत होता. ती घेतली की तोंडात कडवटपणा येतो, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. आणि ज्याला गोळी दिलीय हे माहीत आहे, तो चहाला दोष देत नाही.

मी म्हटलं, बघते. अंगणाच्या फाटकापाशी इमेल्डाने मला हाक मारली, साथीमुळे दोन मीटर लांब उभी राहिली आणि विचारलं, "तो तुझ्याशी काही बोलला का? माझ्याशी बोलत नाही." तिच्या हातात ओली चादर होती. मी म्हटलं, दमलाय. आणि गाडीत जाऊन बसले. गाडी सुरू करायच्या आधी मी दारं आतून लावून घेतली, हे मला गावात पोचल्यावर लक्षात आलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत मी बरणी टेबलावर ठेवली. माझ्याकडे तपासायचं काहीच यंत्र नव्हतं. औषधांच्या दुकानात काय काय असतं असं लोकांना वाटतं. लीक नावाची जाड कांद्याची पात आणि बटाट्याचं सूप, वर मलईचा थर धरलेला. मी इमेल्डाला ओळखत होते. तिने माझे केस कापले होते. मी थोडं गरम केलं आणि चमचा तोंडापाशी आणून थांबले. किती वेळ थांबले कोण जाणे. बाहेर दोन गिऱ्हाइकं खोकली. मग मी ते प्यायले. सूप चांगलं होतं. जरा मीठ कमी.

पण त्या थांबण्यानेच मला घाबरवलं. मी रोज बाहेर हिंडणारी, दहा माणसांशी बोलणारी बाई. मलाही तो चमचा चटकन तोंडात घालवला नाही. मग तिथे एका घरात कोंडलेल्या, रात्री न झोपलेल्या म्हाताऱ्याचं काय होत असेल? आणि कडू चहाचं काय, तो प्रश्न तसाच होता. पोलिसांना सांगावं असं मनात आलं. एकदा सांगितलं असतं तर इमेल्डाला त्या गावात पुढे तोंड दाखवता आलं नसतं. नाही सांगितलं आणि काही झालं तर मी कुठे तोंड दाखवणार होते?

दोन तासांनी इमेल्डाचाच फोन आला. मामा उठताना चक्कर येऊन पडला, कसाबसा पलंगावर बसलाय, पण मला हात लावू देत नाही, भिंतीला सरकतो. डॉक्टर बाहेर गेलेत. तू ये.

मी तोंडाला फडकं बांधून गेले. काकांची नाडी बघितली, रक्तदाब बघितला. पार खाली होता. उपाशी माणसाचा असतो तसा. माझ्या पिशवीतला रसाचा बंद डबा मी त्यांच्यासमोर उघडला आणि त्यांनी तो एका दमात प्यायला. इमेल्डा दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर तिच्या घरात तिचा मामा परक्या बाईच्या हातचं असं पीत होता.

मी तिला अंगणात नेलं आणि सरळ विचारलं, "चहात गोळी घातलीस का?"

तिने नाही म्हटलं नाही. "दोनदा," ती म्हणाली. "हातात दिली की थुंकून टाकायचा. तीन रात्री झोपला नव्हता. म्हटलं एक रात्र तरी... त्याने सांगितलं तुला?"

"त्याला काय वाटतं माहीत आहे का तुला?"

तिला खरंच माहीत नव्हतं. म्हातारपणाने डोकं चालेनासं झालंय, एवढंच तिला वाटत होतं. मी सगळं सांगितलं. अंडी, कवच, सूप, डिनीची थट्टा, खोडलेलं कॅलेंडर. सांगता सांगता ती खाली, दगडी पायरीवर बसली.

"बारा तारखेपर्यंत त्याला माहीत होतं की तू त्याला मरू देणार नाहीस," मी म्हटलं. "बारा तारखेनंतर त्याच्यापाशी तसं काहीच उरलं नाही."

ती म्हणाली, "मी खोटं नाही बोलणार. पहिलं वर्षभर मी तारखेसाठीच घाबरत होते. तो शिंकला तरी मी धावत जायचे, आणि ती घरासाठी जायचे. नंतर कशासाठी जाते ते मलाच कळेनासं झालं. मग तारीख गेली, आणि मला वाटलं, आता मी साध्या माणसासारखी राहू शकेन. त्याला बोटीवर जाऊ देऊ शकेन. म्हणून किल्ली दिली, उना. त्याला आवडतं म्हणून दिली."

आम्ही दोघी आत गेलो. खिडक्या सगळ्या उघड्या टाकल्या, थंडी वाजत होती तरी. इमेल्डा पलंगापासून लांब, कपाटाला टेकून उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "चहात मी गोळी घातली होती. झोपेची. दोनदा. तुला न सांगता."

काका माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटका होती. आपण वेडे झालो नाही, एवढं तरी खरं निघालं. "बघ," ते मला म्हणाले, "म्हणजे घातलीच होती."

"घातली. चुकलं माझं. पण सूपात नाही, आणि मारायला नाही."

"हे मला कसं कळणार?"

सूप मी प्यायले, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण एका बरणीने काय सिद्ध होतं, असं ते तोंडावर दिसत होतं.

मग इमेल्डाने खिशातून फोन काढला, टूमी वकिलांचा नंबर लावला आणि फोन पलंगाच्या कडेला ठेवून मागे सरकली. "मृत्युपत्र बदल," ती म्हणाली. "घर कुणालाही लिही. चर्चला लिही, डिनीला लिही. मग मी तुला काही केलं तरी मला काही मिळणार नाही. तू जेव."

तिचा कॉर्कचा हिस्सा गेलेला होता, नोकरी गेलेली होती, साथीत कुठे दुसरं काम मिळणार नव्हतं. त्या घराबाहेर तिच्या नावाचा एक खिळादेखील कुठे नव्हता.

टूमी फोनवर आले. काकांनी फोन कानाला लावला आणि विचारलं, "मृत्युपत्र बदलायला किती दिवस लागतात?" टूमींनी काहीतरी सांगितलं. साक्षीदार दोन लागतात, आता साथीत ते खिडकीबाहेर उभे राहतील, आठवडाभरात होईल, असं काहीतरी. काका ऐकत होते. "आणि मी केलं की नाही हे तिला कळतं का?" त्यांनी विचारलं. थोडा वेळ ऐकलं. "नाही ना? बरं. बघू." आणि फोन ठेवला.

ते म्हणाले, "भूक लागलीय."

इमेल्डा स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच बसले. तिने सोड्याच्या पावाचे तुकडे, लोणी आणि उकडलेलं डुकराचं मांस एकाच मोठ्या ताटात आणलं. ताट पलंगावर ठेवलं, आणि काकांनी बोट दाखवलं तो तुकडा आधी स्वतः खाल्ला. त्यांनी दुसरा दाखवला, तोही खाल्ला. मग ते जेवले. तोंडात घास घोळवत, अगदी सावकाश. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण तिचा हात खिशाकडे गेला की काका घास थांबवायचे.

महिनाभर ती दोघं अशीच एका ताटात जेवली. मग काकांनी आपलं ताट वेगळं मागितलं.

पुढे काय झालं हे मी जवळून पाहिलं. बदल काकांमध्ये झालाच, पण त्याहून मोठा इमेल्डामध्ये झाला. आता तिला माहीत नव्हतं. काकांनी टूमींना परत फोन केला की नाही, साक्षीदार आले की नाही, ती सामान आणायला बाहेर गेली त्या तासाभरात खिडकीबाहेर कुणी उभं होतं की नाही. टूमी तोंड उघडणार नव्हते. तिने विचारलं नाही. एकदा मात्र ती मला म्हणाली, "सकाळी जाग आली की पहिलं हेच येतं मनात. हे घर माझं नसेल. मग मी उठते आणि त्याची लापशी करते." मी विचारलं, मग थांबली कशाला आहेस? गॉलवेला जा मुलीकडे. ती म्हणाली, "आणि त्याला काय सांगू? तारीख गेली म्हणून निघाले?"

ऑगस्टमध्ये काका पुन्हा चर्चपर्यंत चालायला लागले, तिच्या हाताला धरून. त्या नोव्हेंबरात त्यांची दाढी केलेली दिसली. कुणी केली ते मी विचारलं नाही. लोक मात्र दबक्या आवाजात बोलत होते. काकांनी त्या काळात डिनीलाही फोन केले होते आणि डिनीच्या पोटात काही राहत नाही. गावात इमेल्डाला बघून कुणी हसायचं, कुणी रस्त्याची बाजू बदलायचं. तिच्याकडून केस कापून घेणाऱ्या दोघी आता केस वाढवू लागल्या. मी भर दुकानात सांगितलं की मी तिच्या हातचं खाल्लंय आणि जिवंत आहे. लोक म्हणाले, तुझ्या नावावर कुठे घर आहे टेकडीवर?

पुढच्या वर्षी, २०२१च्या जूनमध्ये, काकांची छाती पुन्हा भरली. बँट्रीच्या इस्पितळात नेलं. तिथे एकाच माणसाला आत सोडत. तीन दिवस इमेल्डा त्यांच्याजवळ बसून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. ते पंच्याऐंशीचे होते, फुप्फुसं आधीची अधू, डॉक्टरांना शंका घ्यायला काहीच जागा नव्हती. तरीसुद्धा मी काकांचा मृत्यूचा दाखला स्वतः नजरेखालून घातला. घातला, हे मी कबूल करते.

शेवटच्या दिवशी काका तिच्याशी काय बोलले ते तिने मला सांगितलं. बोलले फार नाहीत. म्हणाले, "भीती वाटतेय, इमेल्डा." तिने विचारलं, कशाची? ते म्हणाले, "आता फक्त मरायची." तिने त्यांचा हात धरला तो त्यांनी धरू दिला.

दफनानंतर आठवड्याने टूमींनी तिला बोलावलं. ती मला बरोबर घेऊन गेली. टूमींनी लखोटा फोडला. मृत्युपत्र २०१७च्या मार्चमधलंच होतं. काकांनी त्या फोननंतर त्यांना पुन्हा कधीच फोन केला नव्हता. घर इमेल्डाचं.

तिने टूमींना विचारलं, "चौदा महिने तुम्हाला हे माहीत होतं?" टूमी म्हणाले, "मला सांगायची मुभा नव्हती." ती म्हणाली, "नाही, बरोबर आहे."

करमाफीचा अर्ज भरला, कागद जोडले, आणि हिवाळ्यात कर खात्याकडून मंजुरीचं पत्र आलं. कर शून्य. त्याखाली अट होती, तीच टूमींनी पहिल्या दिवशी सांगितलेली. सहा वर्षं तिथेच राहायचं. म्हणजे २०२७च्या जूनपर्यंत. मध्येच घर सोडलं तर माफी मागे घेतली जाणार.

गेल्या वर्षी रोशीनला गॉलवेला मुलगा झाला. ती आईला म्हणते, ये, चार महिने राहा, मला मदत कर. इमेल्डाने टूमींना विचारलं, किती रात्री बाहेर राहिलेलं चालतं? टूमी म्हणाले, कायद्यात असा आकडा लिहिलेला नाही, माणसाचं मुख्य घर कुठलं ते एकूण परिस्थितीवरून बघतात. हे उत्तर तिला अजिबात आवडलं नाही. आकडा असता तर तिला मोजता आलं असतं.

म्हणून ती शुक्रवारी दुपारच्या बसने जाते आणि रविवारी परत येते. रविवारी माझं दुकान बंद असतं, पण मी वर राहते आणि खिडकीतून बसचा थांबा दिसतो. परवा बस उशिरा आली. वारा सुटला होता, पाऊस आडवा येत होता. ती उतरली. डिनी आपली गाडी घेऊन तिथेच उभा होता, त्याने काच खाली करून काहीतरी विचारलं, बहुतेक सोडू का म्हणून. तिने नको म्हटलं असावं. डोक्यावर टोपी ओढून ती चढावाच्या रस्त्याला लागली आणि झपाझप चालत गेली. थोड्या वेळाने टेकडीवरच्या घरात दिवा लागला.